हेडमास्तरांच्या कॉम्प्युटरचं उलटलेलं दुखणं

१

शनिवारी सकाळी सूनबाई हॉस्पिटलच्या एका पेशंटच्या डाव्या गुडघ्याचा अहवाल टाइप करत होती. गुडघा अर्धा झाला होता, तेवढ्यात पडद्यावर तो टकल्या परत आला.

टकल्या हे त्याला घरात पडलेलं नाव. एक खिडकी आपोआप उघडायची, तिच्यात एक माणूस आधी टक्कल दाखवायचा, मग डोकंभर केस दाखवायचा आणि तेलाची बाटली पुढे करून दात काढायचा. सूनबाईने खिडकी बंद केली. दुसरी उघडली. ती बंद केली तर गुडघ्याचा अहवालच गायब झाला आणि त्याच्या जागी स्वस्त बूट विकणारं एक पान येऊन बसलं. सूनबाईला रडू फुटायच्या बेतात होतं, पण तिने आधी फोन लावला.

“बाई, उलटलं,” ती म्हणाली.

“शक्यच नाही!” पलीकडून डॉक्टरीणबाई ओरडल्या. “काल दुपारी ठणठणीत करून धाडलंय मी त्याला!”

डॉक्टरीणबाई माणसांच्या डॉक्टर नव्हत्या. चौकातल्या कोपऱ्यावर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पण त्या मशीनला पेशंट म्हणत, त्याच्या मालकाला नातेवाईक म्हणत, आणि पेशंटपेक्षा नातेवाइकांवरच जास्त खेकसत. त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच. हेडमास्तरांच्या घरचं हे मशीन मात्र त्यांना पुरून उरलं होतं. औषध झालं, पथ्य झालं, शेवटी आतलं सगळं पुसून नव्याने भरून झालं. दुकानात दिवसभर चालू ठेवलं तर एक खिडकी उघडत नसे. घरी गेलं रे गेलं की दुसऱ्या दिवशी टकल्या हजर.

“बाई, आज शेवटचा दिवस आहे,” सूनबाईचा आवाज खाली आला. “हॉस्पिटलमध्ये काल हातापाया पडून आले. मशीन स्वच्छ आहे असं संध्याकाळपर्यंत तुम्ही कळवलंत तर काम माझं, नाही तर दुसरीला देणार. माझं स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच आहे हो. आणि बाबांनी सांगून ठेवलंय, आता परत झालं तर वायर उपटून मशीन भंगारात. ते फिरायला गेलेत, त्यांना अजून पत्ता नाही.”

हेडमास्तर निवृत्त झाले होते, पण त्यांचा शब्द निवृत्त झाला नव्हता. एकदा बोललेलं त्यांनी मागे घेतल्याचं शाळेत कुणी पाहिलं नव्हतं, आणि घरात तर प्रश्नच नव्हता.

डॉक्टरीणबाई फोन कानाला धरून विचार करत राहिल्या. इथून धडधाकट जातं आणि तिथे जाऊन अंथरूण धरतं. म्हणजे तिथे त्याला कुणीतरी काहीतरी भरवतंय.

“मी येते,” त्या म्हणाल्या. “कशालाही हात लावू नकोस. आणि ऐक, हे आपोआप होत नाहीये. तुमच्या घरातलंच कुणीतरी करतंय.”

पलीकडे खुर्ची मागे ओढल्याचा आवाज आला.

“बाई,” सूनबाई म्हणाली, “घरात आम्ही चौघंच आहोत.”

२

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर होता. हेडमास्तरांच्या घरात कपाटाला कुलूप नव्हतं, खोलीला कडी नव्हती, आणि ब्राउझरमध्ये सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं. घर एक तर खातं एक, असा हुकूमच होता. पासवर्ड म्हणजे हेडमास्तरांच्या शाळेचं नाव, ते तर अख्ख्या गल्लीला पाठ असेल. डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता.

“ते खातं या मशीनवर उघडायचं नाही असं मी बजावलं होतं,” खुर्ची ओढत त्या म्हणाल्या.

“नाही उघडलं, बाई. माझ्या कामाला लागतच नाही ते.”

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. खरंच, खातं बंद होतं. ती वाट बंद. पेनड्राइव्ह लावल्याची खूण नव्हती, तीही वाट बंद. कुणी बाहेरून काही उतरवून घेतलेलं नव्हतं. मग त्यांनी ब्राउझरचे कानेकोपरे झाडले आणि एका कोपऱ्यात इवलासा पिवळा सूर्य सापडला. रोजचं हवामान सांगतो असं म्हणणारं, ब्राउझरला चिकटून बसणारं ते एक छोटं अवजार होतं. हवामानाच्या नावाखाली टकल्याला घरात घेणारा हाच चोर. डॉक्टरीणबाईंनी त्याला उपटून फेकलं, पण त्यांना काही आनंद झाला नाही. मागच्या खेपेला आणि त्याच्या मागच्या खेपेलाही त्यांनी त्याला असाच फेकला होता.

“काल दुपारी चिकटलाय,” तारीख वेळ बघून त्या पुटपुटल्या. “काल दुपारी कोण होतं इथे?”

“मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. बाकीच्यांचं मला नाही माहीत.”

“आणखी काही विचित्र? लहानसहान असलं तरी सांग.”

सूनबाईने डोकं खाजवलं. “एक आहे, पण त्याचा काय संबंध! अधूनमधून हा माउस डावीकडे गेलेला असतो. काल हॉस्पिटलमधून आले तेव्हाही होता. मी उचलून परत इकडे आणते.”

“व्हायरसला हात नसतात,” डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या आणि ती गोष्ट त्यांनी तिथेच सोडून दिली. त्यांचं डोकं पार भंजाळलं होतं. सगळी दारं बंद, तरी चोर घरात.

बाहेर फाटक वाजलं. हेडमास्तर फिरून आले होते. दारात उभे राहून त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंची पिशवी पाहिली, मग सुनेचं तोंड पाहिलं.

“उलटलं,” ते म्हणाले. हा प्रश्न नव्हताच. “ठीक. संध्याकाळी वायर निघेल.”

३

“संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग मला चौकशी करू द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पहिले तुम्ही. कॉम्प्युटरवर काय करता?”

“मी?” हेडमास्तर ताठ झाले. “मी त्या यंत्राला बोटसुद्धा लावत नाही. वेळेचा अपव्यय आहे तो.”

“बरं. इथे कुणीतरी पत्त्यांचा डाव अर्धवट सोडलाय. काळा राजा रिकामा बसलाय आणि त्याच्यावर लाल राणी ठेवायची राहून गेलीय. अगदीच कच्चा खेळाडू दिसतोय.”

“राहून नाही गेली!” हेडमास्तर उसळले. “राणी खाली अडकली होती, वरची सत्ती हलल्याशिवाय ती...”

ते थांबले. सूनबाईने ओठ चावून हसू दाबलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून तो बराच वेळ पुसला.

“संध्याकाळी. फक्त एक डाव,” ते म्हणाले. “काल दुपारी मी वाचनालयात होतो. विचारून या.”

दुपार होता होता मुलगा कामावरून आला. औषधांच्या गोदामात नोकरीला होता, शनिवारी अर्धा दिवस. आत येताना त्याने सवयीने डोक्यावरून हात फिरवला. तिथे आता फिरवण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तो हात पाहिला आणि त्यांना सगळं समजलं.

“तुम्ही टकल्याच्या जाहिरातीवर टिचकी मारलीत.”

“मी? छे!” त्याने बायकोकडे पाहिलं. “म्हणजे एकदा. दोनदा.”

“तेल मागवलंत?”

“अजून आलं नाही,” तो केविलवाणा होऊन म्हणाला.

सूनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. पण डॉक्टरीणबाईंचं समाधान होईना. टिचकी मारली ती टकल्या घरात आल्यानंतर. त्याला आत घेतला कुणी? शिवाय काल दुपारी हाही गोदामात होता, हजेरीला अंगठा लावून.

राहिल्या माई. हेडमास्तरांच्या पत्नी. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून बटाटे सोलत होत्या. डाव्या हातातली सुरी सरसर चालत होती आणि सालं एका लयीत खाली पडत होती.

“मला बाई त्यातलं ओ की ठो कळत नाही,” माई हसून म्हणाल्या. “मी आपली धूळ पुसते आणि वर फडकं घालते. चहा टाकू का तुम्हाला? आमच्या थोरल्यालाही हवाच असेल, आत्ताच आलाय.”

डॉक्टरीणबाई हात हलवत बाहेर आल्या. एकाने पत्ते खेळले, एकाने तेल मागवलं, एकीला ओ की ठो कळत नाही आणि एक स्वतःच फिर्यादी. चौघंही निर्दोष. मग काल दुपारी या खुर्चीत बसलं कोण?

४

“एक उपाय उरलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आतापर्यंत मी तो केला नाही. कुणी काय शोधलं, काय वाचलं, त्याची यादी ब्राउझरमध्ये राहते. लोकांच्या घरातलं असं बघणं मला आवडत नाही. तुमची परवानगी असेल तरच.”

“आमच्या घरात कुणाचं काही लपवण्यासारखं नसतं,” हेडमास्तर म्हणाले. “वाचा. मोठ्याने वाचा.”

डॉक्टरीणबाईंनी यादी उघडली आणि वाचायला लागल्या.

“‘बाळाला दात येताना ताप येतो का.’”

त्या थबकल्या. पुढची ओळ वाचली. “‘बाळाचा खोकला पडून राहिल्यावर का वाढतो.’” आणि त्याच्या खालची. “‘बाळ डावखुरं आहे हे केव्हा कळतं.’”

आत स्वयंपाकघरात वाहता नळ कुणीतरी बंद केला.

या घरात बाळ नव्हतं.

पहिले भानावर आले ते हेडमास्तर. त्यांनी घसा खाकरला, कधी नव्हे ती खुर्ची स्वतः पुढे सरकवली आणि कमालीच्या मऊ आवाजात म्हणाले, “सूनबाई, बैस. उभी राहू नकोस तू.”

“बाबा, तसं काही नाहीये!” ती लालबुंद झाली.

“तू मला सांगितलं नाहीस?” तिचा नवरा म्हणाला.

“काय सांगायचं? आणि दात येणारं बाळ काय मी खिशात लपवून ठेवलंय? मी नाही शोधलं हे!”

“मग कुणाचं बाळ?”

“तेच मी विचारते,” सूनबाईचा सूर बदलला. “हल्ली तुम्हाला गोदामातून यायला उशीर का होतो?”

“मला? अगं मी पोस्टात चकरा मारतोय, त्या तेलाच्या बाटलीसाठी!”

“आणि तो तुमचा नळवाला? आपला एकही नळ गळत नाही, तरी त्याचे फोन कसले येतात? आणि तुम्ही उठून गच्चीवर का जाता?”

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्याने खिशातल्या फोनवर हात ठेवला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

डॉक्टरीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्या होत्या टकल्याला हाकलायला आणि लावून बसल्या भांडण. यादी बंद करावी म्हणून त्यांनी हात पुढे केला, तेव्हा ओळींच्या बाजूला छापलेले वार त्यांच्या नजरेला पडले.

खोकल्याची ओळ बुधवारची होती, दुपारची.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “कुणी कुणावर संशय घेऊ नका. हे या घरातल्या कुणीच शोधलेलं नाही.”

“कशावरून?” हेडमास्तरांनी विचारलं.

“कारण बुधवारी दुपारी हे मशीन माझ्या दुकानात टेबलावर उघडं पडलं होतं. त्याची डिस्क मी स्वतः बाहेर काढून ठेवली होती.”

५

पोटातलं काढून ठेवलेल्या मशीनवर बाळाचा खोकला शोधतो कोण?

डॉक्टरीणबाई पायरीवर जाऊन बसल्या. त्यांना आत बसवेना. मागे खोलीत तिघं तीन कोपऱ्यांत होती आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. संध्याकाळी हॉस्पिटलचं ऑफिस बंद होणार, हेडमास्तर वायर उपटणार आणि त्या पोरीचं काम जाणार, ते या डॉक्टरणीला पेशंट समजला नाही म्हणून. त्यांना स्वतःचाच राग आला.

बरं, सुरुवातीपासून. डिस्क त्यांनी पूर्ण पुसली होती. म्हणजे बुधवारची ओळ या मशीनवर लिहिलेली नाही, ती नंतर इथे आली. बाहेरून आली. आणि पिवळा सूर्यही बाहेरूनच आला. दोन पाहुणे एकाच दिवशी आले तर एकाच गाडीने आले असतील. ती गाडी कोणती?

खातं. खातं उघडलं की त्यातलं सगळं सामान मशीनवर आपोआप उतरतं. आवडीची पानं, चिकटवलेली अवजारं, शोधलेल्या गोष्टी, सगळं. त्याच खात्यावर दुसऱ्या एखाद्या मशीनवर कुणी बसला असेल तर त्याचंही.

पण खातं तर बंद होतं!

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. दार बंद दिसलं म्हणून कुणी आलंच नाही असं थोडंच असतं? कुणीतरी आत येऊन, काम उरकून, जाताना दार ओढून घेतलं होतं. सामान मात्र आत राहिलं होतं. एवढी साधी गोष्ट आणि आपण ती वाट बंद म्हणून मोकळ्या झालो.

म्हणजे माणसं दोन. एक दूर कुठेतरी बसलेला, ज्याच्या मशीनला खरी लागण झालीय आणि ज्याच्या घरी दात येणारं बाळ आहे. त्याला काही कल्पनाही नसेल. आणि दुसरा या घरातला, जो दुपारी गुपचूप खातं उघडतो आणि नीट बंद करतो. उचलून नेतो काय? काहीच नाही. मग करतो काय?

वाचतो.

आता त्यांना तो माउस आठवला. व्हायरसला हात नसतात, पण वाचणाऱ्याला असतात, आणि या वाचणाऱ्याचा डावा चालतो. त्यांच्या डोळ्यांसमोर बटाट्याची सालं सरसर पडायला लागली. पाठोपाठ ती तिसरी ओळ आठवली, डावखुऱ्या बाळाची. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण माईंचा आणखी एक शब्द त्यांच्या कानात राहिला होता. एकुलत्या एका मुलाला कुठली आई थोरला म्हणते?

त्या उठल्या आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेल्या.

६

माई अजून पाटावरच होत्या. बटाटे सोलून कधीच झाले होते आणि हातात सुरी तशीच होती.

“माई,” डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या, “धाकटा कुठे असतो?”

माईंनी सुरी खाली ठेवली. नाही म्हणायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

“लांब,” त्या म्हणाल्या. “नाटकांचे दिवे लावतो. यांना तो मास्तर व्हायला हवा होता, नोकरीसुद्धा बघून ठेवली होती. तो म्हणाला, मला दिवेच लावायचेत. शब्दाला शब्द वाढला. हे म्हणाले, या दारातून गेलास की परत यायचं नाही, आणि इथल्या कुणाशी बोलायचं नाही. तोही यांचाच मुलगा. गेला.”

“आणि तुम्ही?”

“मला शपथ घातली, बोलायचं नाही म्हणून. मी नाही बोलले बाई. कधीच नाही.” माईंनी पदराने डोळे टिपले. “जायच्या आधी त्यानेच मला हे खातं उघडायला शिकवलं होतं. माई, वाचून झालं की बाहेर पडायचं, म्हणायचा. तो गेल्यावर एकदा सहज उघडलं, तर यादीत दिव्यांच्या काचांचं काहीतरी होतं. आमच्या घरात काचेचे दिवे कोण शोधणार? तेव्हा कळलं. तो शोधतो आणि मी वाचते. त्याने घर बदललं ते मला कळलं. लग्न केलं ते कळलं. बाळंतिणीला काय खायला द्यावं ते शोधलं, तेव्हा मी इथे एकटीच बसून रडले. कुणाला पेढा देऊ?”

“त्याला ठाऊक आहे का, तुम्ही वाचता ते?”

“कोण जाणे. कधी वाटतं आहे, कधी वाटतं नाही. तुमचं मशीन परत आलं की मी पहिल्या दुपारी वाचून घ्यायची. मधले दिवस फार जड जायचे, हो.”

डॉक्टरीणबाईंना पुढचं बोलणं अवघड झालं, पण बोलणं भाग होतं. “माई, त्याच्या मशीनला लागण झालीय. तुम्ही खातं उघडलंत की ती इकडे येते. दर वेळी अशीच आलीय.”

माईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हणजे मीच? मीच त्या पोरीच्या पोटावर पाय देत होते? ती रात्रंदिवस टाइप करते आणि मी...” त्यांनी डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला. “तोडता येईल का हे? येत असेल तर तोडून टाका, आत्ताच्या आत्ता. मी नाही परत वाचणार.”

“नाही तोडायचं.”

दोघींनी वर पाहिलं. सूनबाई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

“काम गेलं तर दुसरं शोधेन,” ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज फुटला. “तुम्ही नाही तोडायचं, माई.”

तिच्या मागे, तिच्या खांद्यावरून, हेडमास्तरांचा चष्मा दिसत होता.

७

हेडमास्तर बाहेरच्या खोलीत गेले. मागोमाग सगळे गेले, जणू शाळेची घंटा झाली होती.

“मला नीट समजावून सांगा,” ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कडक होता, फक्त हात खुर्चीची पाठ शोधत होते. “उपाय काय आहेत?”

“दोन. खात्याचा पासवर्ड बदलायचा आणि बाकी सगळ्या मशीनना बाहेर काढायचं. एक बटण दाबलं की झालं. तुमचं मशीन कायमचं बरं होईल, मी हॉस्पिटलला लगेच तसं कळवीन. धाकट्याच्या मशीनवर हे खातं तिथल्या तिथे बंद पडेल आणि माईंना परत काही दिसणार नाही.”

“दुसरा?”

“दुखणं जिथे आहे तिथेच औषध द्यायचं. त्याचं मशीन साफ करायचं. त्यासाठी त्याच्याशी बोलावं लागेल.”

मग थोरल्याने खिशातून फोन काढला.

“नंबर आहे माझ्याकडे,” तो खाली बघत म्हणाला. “नळवाला म्हणून ठेवलाय. गच्चीवर जाऊन बोलतो मी त्याच्याशी. बाळ मुलगी आहे, माई. तुला सांगायचं धाडस झालं नाही, तू शपथेत अडकलेली.”

“नळवाला!” सूनबाई म्हणाली. तिला हसावं की रडावं ते कळेना, मग तिने दोन्ही केलं.

हेडमास्तर मात्र तसेच उभे होते. ज्या घरात कुणाचं काही लपवण्यासारखं नसतं असं त्यांनी मघाशी छाती काढून सांगितलं होतं, त्या घरात बायकोने वाचन लपवलं होतं, मुलाने भाऊ लपवला होता आणि खुद्द त्यांनी पत्ते लपवले होते. आणि हे सगळं कुणाच्या भीतीने, ते विचारायला डिटेक्टिव्हची गरज नव्हती. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हा माणूस आता खाली बसेल. पण त्यांनी हात पुढे केला.

“लाव,” ते थोरल्याला म्हणाले. “आणि दे इकडे.”

घंटी वाजत राहिली. मग पलीकडून कुणीतरी मोकळ्या आवाजात “बोल रे दादा” म्हणालं. आयुष्यभर शेकडो पोरांसमोर बोललेल्या माणसाला शब्द सापडेना. शेवटी जे सापडलं ते असं होतं:

“तुझ्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे.”

“कोण?” पलीकडून आवाज आला.

“हवामान सांगणारं काहीतरी चिकटवलंयस तू. त्याने इथे वहिनीचं काम अडलंय. हो. मी बोलतोय. मीच.” मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. फोन हाताने झाकून ते डॉक्टरीणबाईंकडे वळले.

“तो म्हणतो, काय करायचं ते सांगा, तो आत्ता करतो. फोनवरून होईल का हे?”

होण्यासारखं होतं. नुसतं होण्यासारखं नाही, अगदी सोपं होतं. हे उघड, ते काढ, मशीन बंद करून चालू कर. एक कप चहा संपायच्या आत त्यांनी ते फोनवरून करून दिलं असतं. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण दुखणं आहे त्याहून मोठं सांगून डॉक्टरीणबाईंनी कुणाला कधी फसवलं नव्हतं. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. ती कधीच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली होती आणि गुडघ्याचा अहवाल शोधत होती. तिचं काम आता वाचलं होतं, थोडे दिवस माईंनी खातं उघडलं नाही की झालं. मग त्यांनी माईंकडे पाहिलं. माई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि फोनकडे बघत होत्या. शपथ अजून सुटली नव्हती, त्यामुळे त्या पुढे येत नव्हत्या.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फोनवरून अजिबात होणार नाही. मशीन इथे आणावं लागेल.”

हेडमास्तरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. खोटं बोलणारी पोरं ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी हात काढून फोन पुन्हा कानाला लावला.

“इकडे घेऊन यावं लागेल म्हणतात. नाही, पाठवून चालणार नाही, तू स्वतः आण.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ते थांबले, चष्मा वर सरकवला आणि परत डॉक्टरीणबाईंना विचारलं, “किती दिवस लागतील?”

“महिना तरी धरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“महिना लागेल,” हेडमास्तरांनी फोनमध्ये सांगितलं. “एकटा येऊ नकोस. सगळे या. आणि थांब जरा, तुझी आई बोलतेय.”

त्यांनी फोन माईंच्या डाव्या हातात दिला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.